पहिली कादंबरी: लिहून झाल्यापासून छापून हातात पडेपर्यंत

माझ्या पहिल्या कादंबरीच्या फाइलचं नाव होतं ‘कादंबरी_अंतिम_नक्की_३’. शेवटचं वाक्य रात्री दीडला लिहिलं आणि पावणेदोनला मेल एका प्रकाशकाकडे रवाना केली. सकाळी पाहिलं तर जोडलेली फाइल ‘नक्की_२’ होती. तिच्यात नायिकेचा भाऊ अर्ध्या पुस्तकात सुहास होता आणि उरलेल्या अर्ध्यात सुधीर. उत्तर आलं नाही. मी प्रकाशक असते तर मीही दिलं नसतं.

पुढे स्वतःची पुस्तकं करताना आणि इतरांची हस्तलिखितं वाचताना हेच पुन्हा पुन्हा दिसलं. नवा लेखक दोन ठिकाणी धावत सुटतो: हस्तलिखित पाठवताना आणि करारावर सही करताना. तिथेच पाय ओढत जायला हवं. उलट उत्तराची वाट बघायच्या महिन्यांत, जेव्हा पुढचं लिहायला हात मोकळे असतात, तेव्हा तो मेल उघडून बघण्यात दिवस घालवतो. खालचे टप्पे वाचताना एवढं डोक्यात असू द्या.

१. आपण काय लिहिलंय ते मोजा

‘कादंबरी लिहिली’ म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी दीर्घकथा लिहिलेली असते. त्यात कमीपणा काही नाही, फक्त ती कुठे पाठवायची ते बदलतं. ह्युगो आणि नेब्युला या विज्ञानकथांच्या पुरस्कारांमध्ये इंग्रजी शब्दसंख्येचे टप्पे ठरलेले आहेत. ७,५०० शब्दांच्या आत लघुकथा, तिथून १७,५०० पर्यंत दीर्घकथा, ४०,००० पर्यंत लघुकादंबरी आणि त्यापुढे कादंबरी. हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका. ‘घरासमोरच्या झाडाखाली’ हे आपले दोन शब्द झाले, तेच इंग्रजीत सांगायला आठ लागतात. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे तेवढ्याच मजकुराची मराठी शब्दसंख्या बरीच कमी भरते.

प्रकाशक मात्र शब्दांवरून पानांवर येतो आणि पानांवरून फॉर्मवर. फॉर्म म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं, सहसा १६. डेमी आकाराच्या पानावर साधारण २५० शब्द धरले तर ६०,००० शब्दांची २४० पानं होतात, म्हणजे बरोबर १५ फॉर्म. शीर्षकपान, अर्पणपत्रिका, मनोगत यांची पानं त्यातच बसवावी लागतात. संपादक ‘दहा पानं कमी होतील का?’ असं विचारतो तेव्हा दर वेळी तो तुमच्या शैलीबद्दल बोलत नसतो. कधी कधी त्याला पुढचा फॉर्म वाचवायचा असतो.

२. ठेवून द्या, मग निर्दयपणे वाचा

पहिला खर्डा झाला की किमान महिनाभर त्याच्याकडे बघू नका. मग एकदा कागदावर छापून वाचा आणि एकदा मोठ्याने वाचा. मोठ्याने वाचताना जीभ जिथे अडखळते, तिथे बहुतेक वेळा वाक्यच अडलेलं असतं. संवाद खोटे वाटतात की नाही तेही कानालाच कळतं.

दुरुस्ती म्हणजे नेमकं काय, ते एका उताऱ्यावर दाखवते. पहिल्या खर्ड्यात असं होतं:

‘माधवराव अत्यंत दुःखी आणि उदास मनाने खिडकीत उभे होते. गेलेल्या पत्नीची त्यांना खूप आठवण येत होती. बाहेर पाऊस पडत होता, जणू आभाळही त्यांच्यासोबत रडत होतं.’

चौथ्या खर्ड्यात ते असं झालं:

‘पावसाचा आवाज आला तसे माधवराव गच्चीवर गेले आणि दोरीवरचे कपडे काढून आणले. घड्या घालताना लक्षात आलं, सगळे शर्टच होते.’

दुःखी, उदास, आठवण हे तिन्ही शब्द गेले. पत्नीचा उल्लेखही गेला, आणि तरी तीच तिथे सगळ्यात जास्त आहे. पाऊस राहिला, कारण आता त्याला काम मिळालं: त्याने माणसाला गच्चीवर पाठवलं. असं प्रत्येक परिच्छेदात करायला जाऊ नका, वाचक दमेल. पण ‘अत्यंत’, ‘खूप’, ‘जणू’ हे शब्द फाइलमध्ये शोधून प्रत्येक जागी एकदा थांबा. मी शोधले तेव्हा ‘जणू’ १४० वेळा सापडला.

याच टप्प्यावर एक साधी वही करा. पात्राचं नाव, वय, नातं, कोणत्या प्रकरणात काय झालं, कोणत्या वर्षी झालं. शुद्धलेखनाचे तुमचे निर्णयही तिथेच लिहा: संवादात ‘केलं’ आणि निवेदनात ‘केले’ की सगळीकडे एकच, ‘मध्ये’ जोडून की तोडून. ती वही असती तर सुहास आणि सुधीर एकमेकांना कधी भेटलेच नसते.

३. तीन वाचक, तेही योग्य

घरचे लोक चालत नाहीत. ते तुम्हाला वाचतात, पुस्तकाला नाही. तुमच्या प्रकारातलं नेमाने वाचणारी तीन-चार माणसं शोधा आणि ‘कसं वाटलं?’ असं विचारू नका, त्याचं उत्तर ‘छान’ असतं. विचारा: पुस्तक कुठे खाली ठेवलंत? कुठे मागची पानं चाळावी लागली? कुठल्या दोन माणसांत गोंधळ झाला?

माझ्या तीन वाचकांनी एकाच प्रकरणावर बोट ठेवलं, पण कारणं तीन दिली. एकाला ते लांबलेलं वाटलं, दुसऱ्याला नायिका तुसडी वाटली, तिसऱ्याला शेवट पटला नाही. मी ते प्रकरण चारदा लिहिलं आणि चारदा फसले. शेवटी दोष सापडला तीस पानं आधी. तिथे मी एक भांडण दाखवायचं टाळून ‘त्यांच्यात वाद झाला’ एवढ्यावर निभावलं होतं. ते भांडण लिहिलं आणि पुढच्या प्रकरणातलं एक अक्षरही न बदलता तिन्ही तक्रारी मिटल्या.

४. आधी कथा छापाव्यात का?

सक्ती नाही, पण मी सुचवेन. मासिकासाठी लिहिलं की शब्दमर्यादा, संपादकाच्या सूचना आणि नकार या तिन्हींची सवय स्वस्तात लागते, शिवाय पुढे प्रकाशकाला लिहिताना परिचयाची एक ओळ मिळते.

दोन गोष्टी सांभाळा. मासिकाला आपण बहुधा फक्त प्रथम प्रसिद्धीचा हक्क देतो. कथा तुमचीच राहते आणि नंतर संग्रहात घेता येते. मासिकाच्या स्वीकृतीपत्रात तसं लिहिलंय ना, एवढं बघा. दुसरं, कथा आधीच समाजमाध्यमांवर टाकली असेल तर अनेक संपादक ती ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात. लाइक मिळतात, पण प्रथम प्रसिद्धी खर्ची पडते.

यंत्राकडून कथा लिहून घेऊन पाठवायचा विचार असेल तर तो सोडा. २०२३च्या फेब्रुवारीत क्लार्क्सवर्ल्ड या अमेरिकी विज्ञानकथा मासिकाला अशा कथांच्या लोंढ्यामुळे काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. अनेक संपादक आता याबद्दल स्पष्ट विचारतात. खरं ते सांगा.

५. रस्ता निवडा

रस्ते तीन आहेत, आणि चौथा रस्ता नसून खड्डा आहे.

पारंपरिक प्रकाशक स्वतःच्या खर्चाने संपादन, छपाई, मुखपृष्ठ, वितरण करतो आणि तुम्हाला रॉयल्टी, म्हणजे विक्रीतला ठरलेला वाटा, देतो. इंग्रजीतले बरेचसे मोठे प्रकाशक थेट लेखकाकडून हस्तलिखित घेत नाहीत, लेखकाच्या वतीने प्रकाशकाशी बोलणारा साहित्यिक एजंट लागतो. एजंट त्याचं कमिशन, सहसा १५ टक्के, तुमच्या मिळकतीतून घेतो. परदेशी आणि अनुवादाच्या व्यवहारांवर बहुधा २० टक्के. म्हणजे तुम्हाला मिळालं तरच त्याला मिळतं. वाचण्याची फी मागणारा एजंट दिसला की नमस्कार करून निघा.

स्वयंप्रकाशनात प्रकाशक तुम्हीच. संपादक, मुद्रितशोधक, मुखपृष्ठकार यांना पैसे देऊन काम करून घेता आणि पुस्तकावर पूर्ण ताबा ठेवता. ॲमेझॉनची किंडल सेवा २००७ साली आली. तिथे ई-पुस्तकाच्या किमतीनुसार आणि इतर अटींनुसार ३५ किंवा ७० टक्के रॉयल्टी मिळते. ‘सिलेक्ट’ योजनेत नाव घातलं तर ते ई-पुस्तक ९० दिवसांच्या मुदतीत दुसरीकडे कुठेही देता येत नाही, आणि ती मुदत आपोआप वाढत राहू शकते. छापील पुस्तकासाठी मागणीनुसार छपाई हा पर्याय आहे. एक प्रत महाग पडते, पण हजार प्रती घरात रचून ठेवाव्या लागत नाहीत. ऑफसेटवर उलट हिशेब: प्रत स्वस्त, पण संख्या मोठी लागते.

तिसरा रस्ता मधला. छोटे प्रकाशक, लेखक-सहकारी गट, एखाद्या संस्थेची योजना. प्रत्येकाचा करार वेगळा, म्हणून सातवा टप्पा दोनदा वाचा.

आता खड्डा. ‘तुमचं हस्तलिखित आमच्या समितीला अतिशय आवडलं, फक्त छपाईखर्चात थोडा सहभाग द्या.’ सेवा विकत घेणं वाईट नाही, स्वयंप्रकाशनात आपण तेच करतो. फसवणूक होते ती सेवेला ‘निवड’ म्हटलं जातं तेव्हा. ओळखायला एक प्रश्न पुरतो: ‘या पुस्तकाची एकही प्रत खपली नाही, तर तुमचं किती नुकसान होईल?’ उत्तर ‘काहीच नाही’ असेल, तर समोरचा प्रकाशक नाही. त्याचं गिऱ्हाईक तुम्ही आहात.

६. पाठवायचं पाकीट

प्रत्येक प्रकाशकाचे नियम त्याच्या संकेतस्थळावर असतात. कोणाला पूर्ण हस्तलिखित हवं असतं, कोणाला पहिली तीन प्रकरणं आणि सारांश. जे मागितलंय तेवढंच द्या. ते कवितासंग्रह आणि पाठ्यपुस्तकंच काढत असतील तर तुमची रहस्यकथा त्यांना पाठवून कोणाचंच भलं होत नाही.

फाइल युनिकोडमध्ये असू द्या. जुन्या फॉन्टमधला मजकूर बदलून घेतला असेल तर रफार आणि ‘ऱ्या’, ‘ऱ्हा’ नजरेखालून घाला. ‘वाऱ्यावर’चं हमखास काहीतरी भलतंच होतं. अक्षर १२ पॉइंट, ओळींत दुप्पट अंतर, चारी बाजूंना एक इंच समास, प्रत्येक पानावर क्रमांक आणि तुमचं नाव. मुखपृष्ठाचं चित्र स्वतः करून जोडू नका.

पत्र एका पानाच्या आत. गाभा असा असू शकतो:

‘माझी ५८,००० शब्दांची कादंबरी विचारार्थ पाठवत आहे. नदीवर पूल झाल्यावर होडी चालवणाऱ्या एका बाईला त्याच पुलाच्या टोलनाक्यावर, स्वतःच्या मुलाच्या हाताखाली नोकरी धरावी लागते. पहिल्याच आठवड्यात तिला हिशेबातली चोरी सापडते. चोर तिच्याच घरात जेवतो.’

यात कोण, काय बदललं आणि पेच काय, एवढंच आहे. ‘मानवी नात्यांचा तरल वेध घेणारी’ हे समीक्षकाला लिहू द्या. सारांशात मात्र शेवट लपवू नका. ‘पुढे काय होतं ते कादंबरीतच वाचा’ हे वाक्य संपादकाला चिडवायला पुरतं, कारण तुम्हाला गोष्ट संपवता येते का हेच त्याला सारांशातून बघायचं असतं.

अनेकांना एकाच वेळी पाठवायचं की नाही, ते त्यांच्या नियमांवर. चालत असेल तर पत्रात तसं नमूद करा आणि एकीकडे होकार आला की बाकीच्यांना त्याच दिवशी कळवा. कोणाला, कधी, कोणता खर्डा पाठवला याचा तक्ता ठेवा. आणि पाठवण्याआधी जोडलेली फाइल उघडून बघा. (हो, मीच सांगतेय.)

मग दुसरं पुस्तक सुरू करा, त्याच आठवड्यात. प्रतीक्षा तीन महिन्यांची असू शकते, वर्षाचीही. सांगितलेली मुदत उलटली की एक नम्र आठवण पाठवावी. नकाराला उत्तर देऊन वाद घालू नये. पण नकारात संपादकाने दोन ओळी खास तुमच्या पुस्तकाबद्दल लिहिल्या असतील तर त्या जपून ठेवा. वेळ नसलेल्या माणसाने तो तुम्हाला दिलेला असतो.

७. करार: इथे बसून घ्या

होकाराचा फोन आला की माणूस कुठेही सही करतो. मीही केली. करारात ओळ होती: ‘आज ज्ञात असलेल्या व भविष्यात निर्माण होणाऱ्या सर्व माध्यमांतील हक्क, कॉपीराइटच्या संपूर्ण मुदतीसाठी.’ मला वाटलं ही नेहमीची कायदेशीर भाषा. चार वर्षांनी एकाने ऑडिओबुक करायचं विचारलं. हक्क माझ्याकडे नव्हते, आणि ज्यांच्याकडे होते त्यांना ना ते करायचं होतं ना करू द्यायचं होतं. पुस्तक आजही आवाजाविना आहे.

म्हणून मुळापासून. लिहिल्या क्षणी कॉपीराइट तुमचा होतो. बर्न करार हा कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार. १८८६च्या या करारात पुढे १९०८ साली झालेल्या दुरुस्तीपासून सदस्य देशांत त्यासाठी नोंदणीची अट घालता येत नाही. या कराराने ठरवलेली किमान मुदत लेखकाचं आयुष्य आणि त्यानंतर ५० वर्षं आहे, अनेक देशांत ती ६० किंवा ७० आहे. संरक्षण मिळतं ते मांडणीला, कल्पनेला नाही. त्यामुळे ‘प्रकाशक माझी कल्पना चोरेल’ या भीतीने हस्तलिखित कुलपात ठेवणाऱ्यांनी निर्धास्त व्हावं. कल्पना सगळ्यांकडेच असतात, ६०,००० शब्द कोणाकडे नसतात.

करारात बघायचं ते हे की तुम्ही कॉपीराइटच देऊन टाकताय की ठरावीक वापराचा परवाना देताय. परवानाच द्या, आणि त्याला चारी बाजूंनी कुंपण घाला: कोणती भाषा, कोणता प्रदेश, कोणतं स्वरूप, किती वर्षं. ऑडिओ, अनुवाद, चित्रपट हे प्रत्येक वेगळं लिहून घ्या. प्रकाशकाला ते हवेच असतील तर ‘दोन वर्षांत न वापरल्यास परत’ ही अट सुचवा. विचारल्याने होकार मागे गेलाय असं मी अजून पाहिलेलं नाही.

रॉयल्टीचा टक्का मोठा दिसला म्हणून हुरळू नका, तो कशावर मोजायचाय ते बघा. समजा छापील किंमत १०० आहे आणि १,००० प्रती विकल्या गेल्या. छापील किमतीवर १० टक्के म्हणजे तुमचे १०,०००. आता तोच १० टक्के ‘निव्वळ उत्पन्नावर’ असेल आणि विक्रेत्यांना निम्म्या किमतीत पुस्तक जात असेल, तर ५,०००. टक्का तोच, रक्कम अर्धी. आगाऊ रक्कम मिळाली तर ती याच रॉयल्टीतून वळती होते. ती फिटेपर्यंत पुढचं काही येत नाही. पुस्तक खपलं नाही म्हणून ती परत मागितली जाणार नाही, हे मात्र लेखी हवं.

हक्क परतीचं कलम जुन्या साच्यातलं असेल तर जपा. ‘पुस्तक बाजारातून संपल्यावर हक्क लेखकाकडे परत’ असं लिहिलेलं असतं. पण ई-पुस्तक कधी संपतच नाही. एक फाइल कुठेतरी विक्रीला टांगलेली राहते आणि हक्क अडकून पडतात. ‘सलग बारा महिन्यांत अमुक प्रतींपेक्षा कमी विक्री झाल्यास’ असा आकडा घालून घ्या.

उरलेलं भराभर: हिशेब वर्षातून कधी मिळणार, पहिल्या आवृत्तीच्या प्रती किती, मोफत लेखकप्रती किती, किती महिन्यांत पुस्तक न काढल्यास करार रद्द. ‘पुढचं पुस्तकही आम्हालाच’ हे कलम असेल तर त्यात ‘आधी वाचायला देईन, ६० दिवसांत उत्तर’ एवढीच बांधिलकी घ्या. आणि मजकूर स्वतःचा आहे, कोणाची बदनामी नाही याची हमी तुम्ही देत असता, तेव्हा प्रकरणाच्या माथ्यावर टाकलेल्या दुसऱ्याच्या कवितेच्या ओळींची परवानगी आत्ताच मागा. कॉपीराइट कायदा जाणणाऱ्या वकिलाला एकदा करार दाखवणं हा या सगळ्या प्रवासातला सगळ्यात सत्कारणी लागणारा खर्च.

८. संपादन आणि मुद्रितं

संपादकाच्या सूचना आल्यावर दोन दिवस उत्तर देऊ नका. पहिल्या दिवशी सगळ्या चुकीच्या वाटतात, तिसऱ्या दिवशी निम्म्या बरोबर. ज्या पटत नाहीत तिथे कारण देऊन ठाम राहा.

मुद्रितं, म्हणजे छपाईआधी तपासायला दिलेली जुळवलेली पानं, येतात तेव्हा पुनर्लेखनाची वेळ संपलेली असते. एक परिच्छेद वाढला की पुढची पानं सरकतात, आणि ठरावीक मर्यादेपलीकडच्या फेरफारांचा खर्च लेखकावर टाकणारी कलमंही करारांत असतात. इथे बघायचं ते ऱ्हस्व-दीर्घ, तुटलेली जोडाक्षरं, गळालेल्या ओळी, पानांचे क्रमांक आणि मलपृष्ठावरचं स्वतःचं नाव. मुखपृष्ठ व मलपृष्ठ कोणी बघत नाही, कारण सगळ्यांना वाटतं दुसऱ्याने बघितलंय. एकदा शेवटाकडून सुरुवातीकडे पान-पान वाचा, गोष्ट ओढून नेत नाही आणि अक्षरं दिसतात. माझ्या पहिल्या छापील पुस्तकात एवढं करूनही एका पानावर एक सुहास राहिलाच.

आयएसबीएन हा पुस्तकाचा ओळखक्रमांक आहे, मालकीचा दाखला नव्हे. १ जानेवारी २००७ पासून तो १३ अंकी असतो आणि ९७८ किंवा ९७९ने सुरू होतो. कागदी बांधणी, पुठ्ठा बांधणी, ई-पुस्तक अशा प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागतो. प्रकाशक असेल तर ते काम तो करतो, स्वयंप्रकाशनात तुम्ही.

९. पुस्तक आल्यावर

जाहिरातीबद्दल मी फार बोलणार नाही, कारण जे लोक बोलतात त्यांचीही पुस्तकं कमीच खपतात. परिचय लिहू शकतील अशा वाचकांची यादी प्रकाशनाआधी करून ठेवा आणि प्रती त्यांच्याकडे आधी जातील असं बघा. वाईट अभिप्रायाखाली उत्तर लिहू नका. एक प्रत ‘दुरुस्तीची’ म्हणून बाजूला ठेवा आणि चुका सापडतील तशा पेन्सिलीने खुणा करा. दुसरी आवृत्ती अचानक निघते आणि तेव्हा चार दिवसही मिळत नाहीत.

पहिलं हिशेबपत्रक येईल तेव्हा रकमेकडे बघण्याआधी प्रतींकडे बघा. छापलेल्या, विकलेल्या, परत आलेल्या, भेट आणि अभिप्रायासाठी दिलेल्या, शिल्लक. छापलेल्यांतून विकलेल्या व दिलेल्या वजा केल्या आणि परत आलेल्या मिळवल्या की शिल्लक जुळायला हवी. नाही जुळली तर दोन ओळींची मेल पाठवून फरक कशाचा ते विचारा, आणि उत्तर आलं की ते कराराच्या प्रतीसोबत लावून ठेवा.